डेटा सेंटरने रात्रीतून पोर्ट पाडला: बिल भरावं की भांडावं?

खटपट्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो. आता पाणी नाकाशी आलंय म्हणून पहिलाच धागा काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघे भागीदार एक लहानशी होस्टिंग कंपनी चालवतो, म्हणजे लोकांच्या साईट आणि मेल आमच्या सर्व्हरवर ठेवतो. सर्व्हर आमचे, जागा, वीज आणि इंटरनेट डेटा सेंटरचं. तीन रॅक (सर्व्हर रचायची कपाटं). सहा वर्षांत कधी खटका उडाला नव्हता. मागच्या महिन्याचं बिल आलं आणि डोळेच फिरले. आमची ठरलेली बँडविड्थ सेकंदाला १५० मेगाबिट, दिवसाचा वापर १२० च्या आसपास. बिलात आकडा लावलाय ४०० चा, आणि वरच्या २५० ला दीडपट दर. म्हणजे बँडविड्थचा खर्च नेहमीच्या साडेतीनपट.

त्या महिन्यात एक जुना स्टोरेज सर्व्हर रिकामा करून त्यातला सगळा डेटा दुसऱ्या जागी हलवला होता. तो ९०० च्या वेगाने गेला हे कबूल. पण ९५ पर्सेंटाइलच्या हिशेबात (महिन्यातला सर्वाधिक वापराचा ५ टक्के वेळ सोडून बिल लावतात) ३६ तासांची उसळी माफ असते आणि आमचं काम २६ तासांत आटपलं. बरं, हलवाहलवीमुळेच आकडा चढला म्हणावं तर तो ९०० यायला हवा. हे ४०० कुठून काढलं? मीटर गंडलाय असं माझं स्पष्ट मत.

फोन केला. सेल्सवाले म्हणाले, बघतो, काळजी करू नका. म्हणून वाद मिटेपर्यंत अख्खं बिल थांबवलं, भाडं आणि वीजसुद्धा. मुदत उलटल्यावर आठव्या दिवशी रात्री ११:४० ला तिन्ही रॅकचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटचं कनेक्शन, बंद. साडेतीनशे साईट आणि त्यांच्या मेल एकदम गप्प. नोटीस पाठवली होती म्हणे. ती गेली आमच्या जुन्या अकाउंटंटच्या ईमेलवर, जो दोन वर्षांपूर्वीच सोडून गेला. सकाळी हातापाया पडून निम्मी रक्कम भरली, तेव्हा कुठे १३ तासांनी पोर्ट वर आला.

आता उरलेली रक्कम, उशिराचा दंड आणि पुन्हा जोडण्याचं शुल्क असा तिहेरी तगादा आहे. शिवाय माझ्याही दोन तक्रारी आहेत. वर्षाच्या सुरुवातीला त्यांचा एक वीजमार्ग तीन तास बंद होता, आमचा एक रॅक अर्धा बसला, त्याची दमडी मिळाली नाही. ती यातून कापून घेता येईल का? आणि मधल्या रॅकला ते २२ अँपिअर लावतात, आमच्या पीडीयूच्या (रॅकमधली वीज वाटणारी पट्टी) डिस्प्लेवर कधी १९ दिसलेले नाहीत.

भागीदार म्हणतो सर्व्हर उचला आणि दुसरीकडे चला. काय करावं?

वायरमन

हरकत लेखी घेतली होती का? फोन कोणी धरत नाही.

खटपट्या

लेखी म्हणजे व्हॉट्सॲपवर टाकलं होतं. निळ्या टिका आल्या होत्या.

वायरमन

जपून ठेवा, आठवण म्हणून.

हिशेबनीस

भांडणाचं नंतर बघू. आधी दोन प्रश्न. महिना ३० चा होता की ३१ चा? आणि रोज रात्री काही चालतं का, बॅकअप वगैरे?

खटपट्या

३० चा. रात्री २ ला बाहेरच्या ठिकाणी बॅकअप जातो. तेव्हा ४०० पर्यंत जातं, पण अर्धा तासच. त्याचं काय घेऊन बसलात? हलवाहलव शनिवारी सकाळी ६ ते रविवारी सकाळी ८ अशी चालली. त्या रात्रीचा बॅकअप मुद्दाम बंद ठेवला होता.

हिशेबनीस

मग मीटर शुद्धीवर आहे. कागद घ्या.

दर ५ मिनिटांनी एक नोंद, ३० दिवसांच्या ८६४० नोंदी. महिनाअखेर त्या मोठ्याकडून लहानाकडे लावायच्या, वरच्या ५ टक्के म्हणजे ४३२ काढून टाकायच्या आणि खाली जी पहिली उरेल ती बिलात घ्यायची. ४३२ नोंदींचे ३६ तास होतात, तुमचे ३६ तिथूनच आले. पण ही माफी महिन्यातल्या सगळ्या उसळ्यांना मिळून एकच असते. दर उसळीला नवी मिळत नाही.

तुमचे २६ तास म्हणजे ९०० च्या ३१२ नोंदी. त्याखाली बॅकअप: २९ रात्री, दर रात्री ६, झाल्या १७४. बेरीज ४८६. त्यातल्या ४३२ माफ. उरल्या ५४, आणि त्या सगळ्या बॅकअपच्या, ४०० च्या. म्हणून बिलात ९०० आले नाहीत आणि १२० ही आले नाहीत. एरवी बॅकअपच्या १८० नोंदी माफीतच मुरून जायच्या. यावेळी हलवाहलवीने माफीची जागा अडवली आणि बॅकअप उघडा पडला.

५४ नोंदी म्हणजे साडेचार तास. तुमचं काम रविवारी पहाटे साडेतीनला संपलं असतं तर बिल नेहमीचंच आलं असतं. किंवा त्या महिन्यात नऊ रात्री बॅकअपचा वेग बांधून घेतला असता तरी.

खटपट्या

आईशप्पथ. दोनदा मांडून पाहिलं, ५४ च येतात.

पण मग हा बॅकअप मला इतकी वर्षं ग्राफवर का दिसला नाही?

हिशेबनीस

तुम्ही महिन्याचा ग्राफ बघत असणार. एमआरटीजी धर्तीच्या, वाहतुकीचे ग्राफ काढणाऱ्या साधनांत ५ मिनिटांचे ठिपके फक्त दिवसाच्या ग्राफवर असतात. महिन्याच्या ग्राफवर दोन-दोन तासांची सरासरी येते. अर्धा तास ४०० आणि दीड तास ४० धरा, सरासरी १३०. तुमच्या दिवसाच्या वापरात बेमालूम मिसळून जाते. बिल लावतात कच्च्या नोंदींवरून. तुमच्या बाजूच्या नेटवर्क स्विचवरून दर ५ मिनिटांची नोंद स्वतः साठवायला लागा, किमान वर्षभराची. त्यांच्याकडूनही त्या महिन्याच्या कच्च्या नोंदी मागून घ्या. द्यायला काचकूच केली तर तो हरकतीचा खरा मुद्दा.

आणि करारात बघून ठेवा: आत येणारी आणि बाहेर जाणारी वाहतूक वेगवेगळी मोजून मोठी धरतात की दोन्हींची बेरीज करतात. एवढ्या एका ओळीवरून दोन डेटा सेंटरांचे दर वरवर सारखे दिसूनही बिलं वेगळी येतात.

चुळबुळ्या

आमच्यावर एकदा दोन दिवस डीडॉस हल्ला (साईट गुदमरवायला सोडलेला खोट्या वाहतुकीचा पूर) चालला होता. त्या कचऱ्याचंही बिल लागलं. हे कसं?

हिशेबनीस

दोन दिवस म्हणजे ४८ तास, माफीत बसत नाही. हल्ल्याची वाहतूक बिलातून वगळायचं कलम करारात असेल तरच वगळतात. नसेल तर तक्रारीच्या तिकिटावर विनवणी.

बिलिंगवाली

मी टेबलाच्या पलीकडची. एका डेटा सेंटरच्या वसुलीत बरीच वर्षं काढली आहेत (खटपट्या यांचं ते नव्हे, हे आधीच सांगते). इथे आम्हाला खलनायक करण्याची तयारी चालू आहे म्हणून लिहिते.

होस्टिंगवाल्याची हरकत कधी येते सांगू? मुदतीच्या दिवशी, संध्याकाळी. बिल हातात पडून १५ दिवस झालेले असतात. वीज कंपनी आणि मोठे बँडविड्थवाले आमच्याकडून दर महिन्याला न चुकता घेतात. तुमच्या वादापायी ते थांबत नाहीत. त्यामुळे ‘वाद मिटेपर्यंत सगळंच बिल थांबवतो’ हे वाक्य आमच्याकडे ज्याला ऐकू येतं, त्याच्या डोक्यात पहिला विचार येतो की याच्याकडे पैसे नाहीत. तुमच्याकडे असतील. पण बुडणाऱ्याचीही सुरुवात अशीच असते. आधी एखाद्या जुन्या गोष्टीवर हरकत, मग थोडे-थोडे पैसे, मग फोन उचलणं बंद, मग उरतो तो रॅक.

धंद्याची घडणच अशी आहे. होस्टिंगवाला गिऱ्हाइकाकडून तीन-तीन वर्षांचे पैसे सवलत देऊन आधीच घेतो आणि आमचं भाडं महिन्याला देतो. नवी गिऱ्हाइकं येत राहिली की चाक फिरतं. मध्येच खर्च वाढला की अडकतं, कारण जुन्या गिऱ्हाइकाकडून वाढीव मागता येत नाही. २०१९ च्या जूनमध्ये सीपॅनेलने (होस्टिंगची खाती सांभाळायचं सॉफ्टवेअर) सर्व्हरमागे एक दर बदलून खात्यांच्या संख्येवर दर लावायचं जाहीर केलं, तेव्हा एका सर्व्हरवर हजार खाती कोंबलेल्यांचे चेहरे मी पाहिलेत. पुढचे काही महिने हप्ते बांधून मागणाऱ्यांची रांग होती.

आणि मालक पळून गेला की मागे राहिलेल्या रॅकचं काय करायचं हे एकदा येऊन सांगा. सर्व्हर विकून वसूल करा म्हणतात. पाच वर्षं जुन्या सर्व्हरला भंगाराचा भाव येतो. त्यातल्या डिस्कवर शेकडो अनोळखी लोकांच्या मेल, ऑर्डरी, फोटो. पुसाव्यात तर कोणाची तरी एकुलती एक प्रत जाते, न पुसता विकाव्यात तर त्याहून वाईट. मग रॅक तसाच उभा राहतो, जागा अडवून. अशा वेळी त्या गिऱ्हाइकांचे फोन येतात. एक बाई रोज सकाळी फोन करायच्या, ‘माझा एवढा एकच सर्व्हर चालू करा, मी पैसे भरते.’ कोणत्या सर्व्हरमध्ये त्यांचं काय आहे ते आम्हाला माहीत नसतं, त्या खरंच त्या आहेत की नाहीत तेही नाही. करार फक्त त्या पळालेल्या माणसाशी.

आता खटपट्या, तुमच्यापुरतं. वापराचा आकडा बरोबर असेल तर त्यात कोणी सूट देत नाही, तो पैसा आम्ही पुढे मोजलेला असतो. दंड आणि पुन्हा जोडण्याचं शुल्क मात्र आमच्या खिशातलं असतं, तिथे हात सैल होतो. सहा वर्षांचं वेळेवर भरणारं खातं आहे, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, एक फोनही केला नाही, हे तिन्ही मुद्दे लिहून थेट वसुली प्रमुखाला पाठवा. सेल्सवाल्याला नको. त्याचं कमिशन सही झाली त्या दिवशी संपलं.

आणि शटर ओढण्याआधी फोन करायला हवा होता, ही त्यांची चूक मी झाकणार नाही. आम्ही तीन फोन करतो आणि तिन्हींची वेळ लिहून ठेवतो. पोर्ट शुक्रवारी संध्याकाळी कधीच पाडत नाही. वीज तर शेवटपर्यंत काढत नाही. वर्षानुवर्षं फिरत राहिलेली डिस्क एकदा थांबली की परत उठेलच याची खात्री नसते.

चुळबुळ्या

दणदणीत प्रतिसाद. धाग्याची वाचनखूण साठवली आहे.

खटपट्या

बिलिंगवाली ताई, कान टोचलेत, चालेल. पण त्या तीन तासांच्या बंदचं काय? करारात ९९.९९ टक्के लिहिलंय. त्या हिशेबाने ३० दिवसांच्या महिन्यात ४ मिनिटं १९ सेकंद बंद चालतं. आमचे तीन तास गेले.

वायरमन

तुमच्या त्या रॅकमधल्या सर्व्हरना पॉवर सप्लाय एक आहे की दोन?

खटपट्या

जुने आहेत. एक.

वायरमन

संपलं. हमी जवळपास नेहमी रॅकला येणारे दोन्ही वीजमार्ग, अ आणि ब, मिळून असते. अ मार्ग गेला, ब चालू होता, म्हणजे त्यांच्या कागदावर वीज एक सेकंदही गेली नाही. एका पायावर उभा राहणारा सर्व्हर ठेवणं ही तुमची निवड धरतात. त्या रॅकला एक ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच लावा. एक मार्ग गेला की तो भार स्वतःहून दुसऱ्यावर टाकतो.

बिलिंगवाली

शिवाय भरपाई मागितल्याशिवाय मिळत नाही. करारात असतं, घटनेपासून इतक्या दिवसांत लेखी मागा. तेवढ्या मुदतीत मागणारे फार थोडे. आणि मिळालीच तर पुढच्या बिलात जमा म्हणून, तीही त्या महिन्याच्या भाड्याचा काही भाग. तुमच्या गिऱ्हाइकांनी तुम्हाला सोडलं त्याचे पैसे त्यात कधीच येत नाहीत.

कलमबहाद्दर

व्यवसायाने करार वाचतो, पण इथे लिहितोय ते फुकटचं आहे, त्याच भावाने घ्या. तुमच्या देशाचा कायदा तुमच्या वकिलाला विचारा. करारांची भाषा मात्र सगळीकडे बरीच सारखी असते.

तुमची मूळ चूक अख्खं बिल थांबवण्यात झाली. साधारण असं असतं: बिलाच्या तारखेपासून ठरावीक दिवसांत, कोणत्या ओळीवर, किती रकमेची आणि कोणत्या कारणाने हरकत आहे ते लेखी कळवायचं आणि बाकीची रक्कम वेळेवर भरायची. हे केलं असतं तर वादातल्या रकमेसाठी पोर्ट पाडायला बहुतेक करार त्यांना मोकळीक देत नाहीत. तुम्ही भाडंही थांबवलंत. त्यामुळे पोर्ट पाडला तो भाड्यासाठी, बँडविड्थचं भांडण त्यांच्या लेखी सुरूच झालं नव्हतं.

‘कापून घेता येईल का’ याचं उत्तर ‘कोणतीही वजावट न करता’ हे शब्द शोधलेत की मिळेल. असतील तर आधी पूर्ण भरायचं, मग मागायचं. भरताना ‘हक्क राखून भरत आहोत’ अशी एक ओळ ईमेलमध्ये टाकायची, नाहीतर उद्या म्हणतील बिल मान्य होतं.

आणखी एक कलम लोक वाचतच नाहीत. हा करार बऱ्याचदा भाडेकरार नसतोच, जागा वापरायचा परवाना असतो. भाडेकरूला कायद्याने जी थोडीफार ढाल मिळते ती मग मिळणं कठीण. त्याच पानावर, थकबाकी फिटेपर्यंत तुमच्या यंत्रांवर आमचा ताबा, असं कलम बसलेलं असतं. तुमचे सर्व्हर स्वतःचे आहेत की कर्जावर?

खटपट्या

एक रॅक लीजवर आहे.

कलमबहाद्दर

मग त्याचा मालक तिसराच. लीजवाल्याला आजच कळवून ठेवा आणि डेटा सेंटरलाही सिरियल नंबरांची यादी द्या, की ही यंत्रं यांची. ताब्याचं भांडण पेटल्यावर दिलेली यादी संशयास्पद दिसते.

ट्रॉली

‘सर्व्हर उचला आणि चला’ म्हणणाऱ्या भागीदारासाठी.

आम्हीही असेच बाणेदारपणे निघालो होतो. दोघं जण, भाड्याची गाडी, दोन ट्रॉल्या, रात्री नऊची वेळ. पावणेदोन तासांत बारा सर्व्हर रेल्सवरून काढले, केबलींना चिकटपट्टीची लेबलं लावली, फोमच्या पट्ट्यांवर रचले. लॉबीत आलो तर पहाऱ्यावरच्या माणसाने गेटपास मागितला. आत येताना बॅज स्कॅन झाला होता, कोणी हटकलं नव्हतं. यंत्र बाहेर नेताना मात्र वेगळा पास लागतो आणि तो निघताना खात्यावर ‘होल्ड’ दिसला. तो बिचारा नम्र होता. स्क्रीन आमच्याकडे फिरवून दाखवला, लाल पट्टी होती. थकबाकी तरी किती, एका महिन्याच्या क्रॉस-कनेक्टची (डेटा सेंटरच्या आतली जोडणीची केबल), आम्ही आधीच रद्द केलेल्या! रद्द केल्याचा ईमेल होता, पण ती ऑर्डर बंद करायचं तिकीट कोणी काढलंच नव्हतं. पहाटे अडीचपर्यंत सगळे सर्व्हर परत रॅकमध्ये लावले. साईट अर्थात तोपर्यंत बंद.

म्हणून आधी हिशेब शून्यावर आणा, तसं लेखी घ्या, मग गाडी सांगा.

बिनतारी

आणि आयपी, म्हणजे सर्व्हरचे इंटरनेटवरचे पत्ते, कोणाचे आहेत? सर्व्हर तुमचे असले तरी पत्ते डेटा सेंटरने दिलेले असतील तर ते निघताना इथेच राहतात. सर्रास वापरातल्या आयपीव्ही४ पत्त्यांचा जागतिक साठा, ते वाटणाऱ्या आयाना संस्थेकडे, २०११ च्या फेब्रुवारीत संपला, युरोपची वाटप संस्था राइप एनसीसीचा शेवटचा वाटा नोव्हेंबर २०१९ मध्ये. आता नवा ब्लॉक बहुधा बाजारातून विकत किंवा भाड्याने. तुमच्या साडेतीनशे गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांनी डीएनएस (साईटच्या नावावरून पत्ता सांगणारी नोंद) दुसरीकडे ठेवून तुमचा आयपी हाताने लिहून ठेवला असेल. त्या प्रत्येकाला फोन करून बदलायला सांगणार? स्वतःचा २५६ पत्त्यांचा ब्लॉक आणि स्वतःचा एएस क्रमांक (नेटवर्कची जागतिक ओळख) असता तर बीजीपीने (नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवायची पद्धत) तोच पत्ता दुसऱ्या डेटा सेंटरातून जाहीर केला असता आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागला नसता. (हा श्लेष आपोआप झाला, क्षमस्व.)

खरं सांगायचं तर या भांडणात बरोबर कोण याला दुय्यम किंमत आहे. कोणाच्या हातात काय आहे ते आधी मोजा. त्यांच्या हातात पोर्ट, वीज, गेट आणि आयपी. तुमच्या हातात एक पेमेंट. ते पेमेंट अख्खं थांबवून तुम्ही ते हत्यार पहिल्याच दिवशी वापरून टाकलंत.

अवांतर: मोठेही असेच वागतात. ३० ऑक्टोबर २००८ ला स्प्रिंट या अमेरिकी इंटरनेट कंपनीने कॉजंट या दुसऱ्या कंपनीशी असलेली जोडणी तोडली. स्प्रिंटचं म्हणणं, चाचणी काळातल्या अटी कॉजंटने पाळल्या नाहीत, आता पैसे द्या. कॉजंटला ते अमान्य. ज्यांची एकच जोडणी होती, अशा दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना तीन दिवस एकमेकांपर्यंत पोचता येईना. त्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता.

साईटबंद

मी वरच्या सगळ्यांच्या भांडणात चिरडली जाणारी. माझी साईट अशाच एका होस्टिंगवाल्याकडे होती. एका सकाळी बंद. त्याला फोन, ‘तांत्रिक अडचण आहे, संध्याकाळपर्यंत होईल.’ अकरा दिवस त्याची संध्याकाळ झाली नाही. डेटा सेंटरला फोन केला तर बिलिंगवाली यांनी सांगितलं तेच उत्तर, अक्षरशः. डोमेनही त्याच्याच खात्यातून घेतलेलं, बॅकअपही त्याच्याच सर्व्हरवर. मी माझ्या बाजूने एकही हप्ता चुकवला नव्हता. आम्ही नक्की कोणाचं गिऱ्हाईक?

बिलिंगवाली

त्या रोज फोन करणाऱ्या बाई तुम्ही नसाल अशी आशा. तुमचा करार होस्टिंगवाल्याशी आहे, तेवढंच खरं उत्तर आहे, आणि ते ऐकवताना मला कधीही बरं वाटलेलं नाही.

बिनतारी

साईटबंद, डोमेन आधी सोडवा. डॉट कॉमसारख्या डोमेनला आयकॅनचा (डोमेननावांचे नियम ठरवणारी संस्था) नियम आहे: ट्रान्सफरचा ऑथ कोड (डोमेन हलवायचा परवलीचा शब्द) मागितल्यापासून पाच दिवसांत रजिस्ट्रारने (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीने) द्यायचा. होस्टिंगवाला नुसता एजंट असेल तर त्याच्या वरचा रजिस्ट्रार कोण ते डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत (पूर्वीचं हूइज) दिसतं, थेट त्याला लिहा. नोंदणी मात्र तुमच्या नावावर असायला हवी. बऱ्याच जणांची एजंटच्या नावावर असते आणि ते कळतं अशाच दिवशी.

तुम्ही विचारलंय त्यावर एक जुनी गोष्ट. जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधली टूईटू ही आयटी कंपनी बुडाली. तिची डेटा सेंटरंही होती. नेमलेल्या प्रशासकांनी ग्राहकांना पत्र लिहिलं, की वीज आणि पगार चालू ठेवायला तुम्हीच पैसे घाला, नाहीतर बंद करावं लागेल. लहान ग्राहकांकडे ४ हजार पौंड, मोठ्यांकडे ४० हजार, एकूण ९ लाख ६० हजार. ज्यांचा डेटा आत अडकला होता ते कुठे जाणार? पुढे फेब्रुवारीत डेझी ग्रुपने डेटा सेंटरं विकत घेतली म्हणून निभावलं. म्हणजे डेटा सेंटरच बुडालं तर खटपट्या तुमच्या जागी असतात, बघा.

चुळबुळ्या

डेटा सेंटरं बुडतात?

बिनतारी

डेटा सेंटर चालवणाऱ्या सनगार्ड अव्हेलेबिलिटी सर्व्हिसेसची ब्रिटिश शाखा २०२२ च्या मार्चमध्ये प्रशासकांच्या हाती गेली आणि एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कंपनीने दिवाळखोरी संरक्षण मागितलं. चढलेले वीजदर हे एक कारण. वीज बाजारात असेल त्या दराने गिऱ्हाइकाला लावायची की आधी ठरलेल्या दराने, हे कलम दोन्ही बाजूंना रडवतं.

खटपट्या

नऊ दिवसांनी परत आलोय.

हिशेबनीस यांचा हिशेब भागीदारासमोर मांडला, तो दहा मिनिटं काही बोलला नाही. बँडविड्थचे पूर्ण पैसे भरले, ‘हक्क राखून’ ही ओळ टाकून. मग ताईंनी सांगितलं तसं वसुली प्रमुखांना पत्र: दंड माफ झाला, पुन्हा जोडण्याचं शुल्क निम्मं केलं. नोटिशीसाठी दोन ईमेल आणि दोन फोन नंबर नोंदवून घेतले. बॅकअपचा वेग ११० वर बांधला, आता तो दीड तासापेक्षा जास्त चालतो आणि कोणाचं काही अडत नाही. त्या तीन तासांच्या भरपाईवर पाणी सोडलं. आयपी त्यांचेच आहेत, त्यामुळे निघायचा बेत तूर्त बारगळला.

विजेचं मात्र लिहून पाठवलं, हरकत फक्त त्या एका ओळीवर, बाकीचं बिल मुदतीच्या चार दिवस आधी भरून. काल त्यांचा तंत्रज्ञ आणि मी मधल्या रॅकपाशी उभे होतो. पीडीयूवर १८.४. त्याने रॅकमध्ये उतरणाऱ्या आमच्या वायरीला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावला, १८.६. मग त्याच्या टॅबवर बिलिंगचा आकडा उघडला, २२.१. दोघेही क्षणभर गप्प. त्याने रॅकमधून ब मार्गाची केबल बोटाने चाचपत वरपर्यंत नेली, स्टुलावर चढला, पॅनेलचं झाकण काढलं. आतल्या लेबलवर आमच्या रॅकचा नंबर होता, पण तो लिहिलेला शेजारच्या रॅकच्या ब्रेकरवर, आणि शेजाऱ्याचा आमच्या. ब मार्गाचे दोन्ही सेन्सर त्याच लेबलांवरून जोडलेले. चार महिन्यांपूर्वी पॅनेलची देखभाल झाली होती, तेव्हापासूनचा घोळ असावा असं तो म्हणाला. आमच्या बिलात २२ लागायला सुरुवातही तेव्हापासूनच.

वायरमन

फोटो काढलात ना?

खटपट्या

झाकण उघडं असतानाच, मीटर आणि लेबल एका चौकटीत. त्यानेच धरून दाखवलं. चार महिन्यांचा फरक पुढच्या बिलात जमा करतो असा ईमेल आज आलाय.

बिलिंगवाली

क्रेडिट नोट नंबरासकट मागा. ‘पुढच्या बिलात जमा’ हे वाक्य मीही बरेचदा लिहिलंय.

कलमबहाद्दर

आणि शेजाऱ्याला आता चार महिन्यांचं मागचं बिल जाणार. चुकीचं बिल किती महिने मागे जाऊन दुरुस्त करता येतं, याचं कलम तुमच्या करारात आहे का?

खटपट्या

आत्ता शोधलं. नाही. शेजाऱ्याच्या करारात असलं तर त्याचं नशीब. त्याच्या रॅकवर कंपनीचं नाव नाही, नुसती चिठ्ठी चिकटवलीये, ‘हात लावण्यापूर्वी फोन करा’. नंबर पुसट झालाय.